टिकाऊ विष, टाकाऊ कारखाने आणि स्वदेशीची कसोटी

उत्तर इटलीतील व्हेनेतो प्रांतात त्रिस्सिनो नावाचे गाव आहे. तेथे मितेनी नावाचा रसायनांचा कारखाना होता. १९६५ साली सुरू झालेल्या या कारखान्याची मालकी पुढे जपानी आणि नंतर जर्मन उद्योगसमूहाकडे गेली. पाण्याला, तेलाला आणि उष्णतेला दाद न देणारी पीएफएएस गटातील रसायने तेथे तयार होत. २०१३ मध्ये असे उघडकीस आले की, व्हिचेन्झा, पादुआ आणि व्हेरोना या तीन जिल्ह्यांतील भूजल या रसायनांनी दूषित झाले आहे आणि सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा हा प्रश्न आहे. २०१८ मध्ये कारखान्याने दिवाळे काढले. २६ जून २०२५ रोजी व्हिचेन्झाच्या न्यायालयाने या प्रकरणी अकरा माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरविले. त्यांना दिलेल्या शिक्षांची बेरीज १४१ वर्षे होते. हा प्रथम न्यायालयाचा निकाल आहे, वरच्या न्यायालयाचे दार आरोपींना खुले आहे. परंतु त्या प्रदेशातील विहिरींवरचा निकाल निसर्गाने आधीच देऊन ठेवला आहे.

त्या कारखान्याची यंत्रसामग्री मात्र भंगारात गेली नाही. २०१९ च्या लिलावात ती लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतली आणि समुद्रमार्गे कोकणात आणली. रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, परशुरामाचे नाव धारण करणाऱ्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत ती उभी राहिली. या कंपनीने भारतातील अमुक एक नियम मोडला, असे येथे म्हणावयाचे नाही. तसे सिद्ध झालेले नाही, आणि सिद्ध न झालेला आरोप करणे हे आपल्या परंपरेत बसत नाही. प्रश्न त्याहून मोठा आहे. युरोपातील एका न्यायालयात ज्या कारखान्याच्या कारभाराचा पंचनामा चालू होता, त्याच कारखान्याची यंत्रे आपल्या भूमीवर येतात, तेव्हा त्यांना अडवून चार प्रश्न विचारण्याची व्यवस्था आपल्यापाशी आहे काय?

खान्देशातील वाचक म्हणेल, लोटे कोठे आणि आमचे पिंप्राळे कोठे! सह्याद्रीच्या पलीकडच्या विषाची चिंता तापीकाठाने का वाहावी? या लेखाचा उद्देश हाच आहे की, ती चिंता तापीकाठाचीही आहे, आणि ती जळगावच्या पाइपांच्या कारखान्यापासून कापसाच्या शेतापर्यंत पसरलेली आहे.

चिवटपणाचे शास्त्र

विष आणि चिवट विष यांत फरक आहे. बहुतेक विषारी पदार्थ ऊन, पाणी आणि जीवाणू यांच्या साहाय्याने कालांतराने विघटित होतात. निसर्ग आपला हिशेब आपण पुरा करतो. परंतु मनुष्याने प्रयोगशाळेत असे काही पदार्थ घडविले की, जे विघटित करण्याची विद्या निसर्गाला अवगतच नव्हती. कार्बन आणि फ्लोरिन, कार्बन आणि क्लोरिन, कार्बन आणि ब्रोमिन यांचे हे बंध. त्यातही कार्बन-फ्लोरिनचा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत बळकट बंधांपैकी एक. या बळकटीमुळेच तव्याला घावन चिकटत नाही आणि पावसाळी कोट भिजत नाही. त्याच बळकटीमुळे हा पदार्थ नदीतून समुद्रात, समुद्रातून माशात, माशातून माणसात जातो आणि वर्षानुवर्षे रक्तात राहतो. पीएफओए या एका रसायनाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास काही वर्षे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये त्याची गणना मनुष्यास कर्करोग होण्यास निश्चित कारणीभूत असलेल्या पदार्थांत केली. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा एका लिटरमागे चार नॅनोग्रॅम इतकी ठरविली. एका ग्रॅमचे एक अब्ज भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकात मात्र या रसायनगटाचा उल्लेखही आढळत नाही. ज्याचे मानक नाही त्याची तपासणी होत नाही, आणि ज्याची तपासणी नाही ते प्रदूषण सरकारदरबारी अस्तित्वातच नसते.

अशा चिवट पदार्थांना आवर घालण्यासाठी २००१ साली स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. आरंभी त्यात बारा रसायने होती. डीडीटी, आल्ड्रिन, डायल्ड्रिन यांसारखी कीटकनाशके, ट्रान्सफॉर्मरच्या तेलातील पीसीबी, आणि कचरा जाळताना निर्माण होणारी डायॉक्सिन व फ्युरान ही त्यांपैकी होत. भारताने १३ जानेवारी २००६ रोजी या कराराला मान्यता दिली. मात्र मान्यता देताना एक महत्त्वाची अट राखून ठेवली. पुढे यादीत येणारे नवे रसायन भारत स्वतः स्वतंत्रपणे मान्य करील, तेव्हाच ते भारतास बंधनकारक होईल. ही अट म्हणजे सार्वभौमत्वाचे कवच आहे, आणि ते राखल्याबद्दल तेव्हाच्या वाटाघाटीकारांना श्रेय दिले पाहिजे. परंतु कवच अंगावर चढवायचे ते लढण्यासाठी; त्याच्या आड झोपी जाण्यासाठी नव्हे.

त्यानंतर आपली पावले पडत गेली, जरी सावकाश पडली. २०१६ मध्ये पीसीबीवर आदेश निघाला आणि ३१ डिसेंबर २०२५ ही त्याचा वापर पूर्णपणे थांबविण्याची अखेरची तारीख ठरली. २०१८ मध्ये सात रसायनांचे उत्पादन, व्यापार, वापर आणि आयात-निर्यात बंद करणारे नियम आले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांना आंतरराष्ट्रीय करारांतर्गत मान्यता देण्याचा निर्णय केला. मे २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत यादीत आणखी भर पडली. क्लोरपायरिफॉस हे आपल्या शेतकऱ्याच्या परिचयाचे कीटकनाशक काही सवलतींसह त्यात आले. मध्यम साखळीचे क्लोरिनेटेड पॅराफिनही आले. हे दुसरे नाव सामान्य वाचकास अपरिचित असेल; पण विजेच्या तारेवरचे मऊ आवरण, चपलेचा तळ, स्वस्त प्लास्टिकची नळी यांत ते असू शकते.

जळगावचे गाऱ्हाणे

जळगाव हे प्लास्टिकचे गाव आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये येथे पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू केले आणि पुढे ठिबक सिंचनाने या शहराचे नाव जगभर नेले. त्या वटवृक्षाच्या आसपास शेकडो लहान रोपे उगवली. कोणी पाइप काढतो, कोणी जोडण्या बनवितो, कोणी जुन्या प्लास्टिकचा दाणा करतो, कोणी त्या दाण्यापासून चटई विणतो. जळगावची चटई देशभर जाते. पिंप्राळ्यासारख्या उपनगरांतील किती तरी चुली या यंत्रांच्या आवाजावर पेटतात. म्हणून रसायनांवरील निर्बंधाचा विचार येथे केवळ पर्यावरणवाद्यांच्या भाषेत करता येत नाही. तो पगाराच्या दिवसाच्या भाषेतही करावा लागतो.

उदाहरणादाखल शिसे घेऊ. शिसे हे स्टॉकहोमच्या यादीतील रसायन नाही. परंतु चिवटपणात ते कोणाला हार जाणारे नाही. मूलद्रव्यच असल्यामुळे त्याचे विघटन होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा क्लोरिनचा असतो. पाइप काढण्यासाठी ही भुकटी तापविली की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटू लागते आणि माल पिवळा पडून करपतो. ते रोखण्यासाठी स्टॅबिलायझर मिसळावा लागतो. शिशाच्या क्षारांचा स्टॅबिलायझर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोशिक. कारागिराचा हात थोडा चुकला, विजेचा दाब खालीवर झाला, तरी तो माल सांभाळून घेतो. म्हणून अनेक दशके तो वापरात राहिला. परंतु त्याच पाइपातून पिण्याचे पाणी वाहते, आणि मिश्रण करणाऱ्या कामगाराच्या श्वासातून ती धूळ आत जाते. शिशाचा सर्वांत मोठा आघात लहान मुलाच्या मेंदूवर होतो. कोणतीही सुरक्षित पातळी सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

युरोपातील उत्पादकांनी २०१५ अखेर शिशाचा स्टॅबिलायझर सोडला. आपल्याकडे हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला, २०१७ मध्ये न्यायाधिकरणाने पर्यावरण मंत्रालयास मानक ठरविण्याचे निर्देश दिले, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने पीव्हीसी पाइप व जोडण्यांमधील शिशाच्या स्टॅबिलायझरविषयी स्वतंत्र नियम केले. नियम योग्यच आहे. २०१९ पासून जल जीवन मिशनच्या रूपाने घरोघरी नळ पोहोचविण्याचा संकल्प ज्या देशाने केला, त्या देशाला नळातून शिसे पाजता येणार नाही.

परंतु नियमाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या लहान उत्पादकाचे गाऱ्हाणेही ऐकले पाहिजे. शिशाऐवजी कॅल्शियम-झिंकचा किंवा कथिलाच्या संयुगाचा स्टॅबिलायझर वापरता येतो. पण तो महाग पडतो. तो शिशाइतका सोशिक नाही. उष्णतेचे नियंत्रण अधिक काटेकोर ठेवावे लागते, जुन्या यंत्राचा स्क्रू कदाचित बदलावा लागतो, आणि हात बसेपर्यंत काही माल वाया जातो. मोठ्या कंपनीपाशी स्वतःची प्रयोगशाळा आणि रसायनतज्ज्ञ असतात. हा बदल ती पचविते, त्याची जाहिरातही करते. एक-दोन यंत्रांवर काम करणाऱ्या कारखानदारापाशी असतो तो कर्जाचा हप्ता. आणि त्याहून कटू गोष्ट अशी की, नियम पाळणारा हा प्रामाणिक माणूस बाजारात अशा मालाशी स्पर्धा करतो, ज्यावर कोणाचे नाव नाही, मानकाची खूण नाही, आणि ज्यात काय मिसळले आहे हे देवालाच ठाऊक. शेतकरी दर विचारतो आणि स्वस्त पाइप घेऊन जातो. जो नियम कागदावर सर्वांना लागू असतो आणि प्रत्यक्षात प्रामाणिकासच लागू होतो, तो नियम अप्रामाणिकास दिलेले अनुदान ठरतो. आज खरी तक्रार निर्बंधाविरुद्ध नाही. ती अर्धवट अंमलबजावणीविरुद्ध आहे.

एन्डोसल्फानचे दोन धडे

निर्बंधांचा विषय निघाला की, राष्ट्रीय विचारांच्या मंडळींतही एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पाश्चात्त्य कंपन्या पेटंट चालू असेपर्यंत एखादे रसायन विकून गबर होतात, पेटंट संपले आणि भारतीय कारखानदार ते स्वस्तात करू लागला की, त्यांना अकस्मात पर्यावरणाचा पुळका येतो. या युक्तिवादात तथ्य नाही असे कोण म्हणेल? एन्डोसल्फान हे मूळचे जर्मनीच्या हेक्स्टचे. पुढे भारत त्याचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक झाला. कापसावरील बोंडअळीसाठी खान्देशातही त्याचा वापर झाला. युरोपने ते सोडल्यानंतर जगाने ते सोडावे, असा आग्रह सुरू झाला, आणि त्याच्या जागी येणारी नवी औषधे बहुधा महाग आणि परकीय पेटंटची होती. भारतीय प्रतिनिधींनी अनेक वर्षे विरोध केला, तो या पार्श्वभूमीवर.

परंतु त्याच वेळी केरळच्या कासारगोड जिल्ह्यात काय घडत होते? तेथील सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागांवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फानची फवारणी झाली. खाली विहिरी होत्या, शाळा होत्या, वस्ती होती. जन्मतः व्यंग असलेली मुले, मतिमंदत्व, कर्करोग यांच्या तक्रारी गावोगावी उठल्या. एप्रिल २०११ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत एन्डोसल्फानचा समावेश झाला आणि १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्याच्या उत्पादनावर आणि वापरावर बंदी घातली. २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश न्यायालयाने केरळ सरकारला दिला. ज्या याचिकेवर ती बंदी आली, ती डाव्या युवक संघटनेची होती. हे नमूद करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. कासारगोडच्या अंथरुणावर खिळलेल्या मुलाला पक्ष नसतो. आपण तेथे आधी पोहोचलो नाही, याची मात्र खंत वाटली पाहिजे.

म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य होत्या. परकीय कंपन्यांचा स्वार्थ सत्य होता आणि आपल्या मुलांचे दुखणेही सत्य होते. परकीयांचा हेतू अशुद्ध आहे, एवढ्याने आपल्या हातातील विष अमृत होत नाही. ‘हे पाश्चात्त्यांचे कारस्थान आहे’ असे म्हणून जो कारखानदार आपल्या नाल्यात घातक सांडपाणी सोडतो, तो स्वदेशीचा पाईक नसून स्वदेशीच्या नावाची झूल पांघरलेला नफेखोर आहे. आणि ‘युरोपने बंद केले म्हणून उद्यापासून बंद’ असे म्हणणारा अधिकारीही राष्ट्रहिताचा विचार करीत नाही. डीडीटीचे उदाहरण पाहावे. अमेरिकेने १९७२ मध्ये त्यावर बंदी घातली. पण हिवतापाने १९४७ च्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी लोकांना ग्रासणाऱ्या भारताला, १९६० च्या दशकाच्या मध्यास ही संख्या एक लाखाच्या आसपास आणता आली, ती घरोघरच्या डीडीटी फवारणीच्या बळावर. म्हणून भारताने स्टॉकहोम करारात रोगवाहक कीटकांसाठी सवलत घेतली, शेतीसाठी वापर सोडला आणि रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे सरकारी कंपनीत उत्पादन चालू ठेवले. आपली गरज आपण मोजली, आपला काळ आपण ठरविला. स्वदेशी निर्णयाची रीत ती हीच.

वाटाघाटीचे बळ

अशी रीत आपण आणखी एका प्रसंगी दाखविली होती. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या शीतकारक वायूंवर निर्बंध घालणारा मॉन्ट्रियल करार १९८७ मध्ये झाला. हे वायू पाश्चात्त्यांनी शोधले, पाश्चात्त्यांनी वापरले, आणि भारताच्या घराघरांत शीतकपाट येण्याची वेळ आली तेव्हा बंदीची भाषा सुरू झाली. भारताने सही करण्यास घाई केली नाही. १९९० च्या लंडन बैठकीत भारत आणि चीन यांनी ठाम भूमिका घेतली की, बदलाचा खर्च ज्यांनी बिघाड केला त्यांनी सोसावा. त्यातून बहुपक्षीय निधी निर्माण झाला. १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला, कारखान्यांना पर्यायी तंत्रासाठी साहाय्य मिळाले, आणि २०१० पर्यंत आपण हे वायू सोडून दिले. शीतकपाटांचा उद्योग बुडाला नाही. पेट्रोलमधील शिसे २००० मध्ये गेले, तेव्हा वाहने थांबली नाहीत. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून मर्यादा आली, तेव्हा भिंती बिनरंगाच्या राहिल्या नाहीत. बदलास वेळ आणि साहाय्य दिले, तर भारतीय उद्योजक तो पेलतो, हा आपला अनुभव आहे. वेळ न देता लादलेला बदल आणि वेळ देऊनही न केलेला बदल, हे दोन्ही त्याला मारक ठरतात.

याच्या उलट टोकाला भोपाळ आहे. डिसेंबर १९८४ च्या त्या काळरात्रीनंतर परकीय कंपनी निघून गेली आणि तिचा विषारी कचरा मागे राहिला. चाळीस वर्षांनंतर, जानेवारी २०२५ मध्ये, ३३७ टन कचरा इंदूरजवळच्या पिथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेर तो जाळून संपला. खर्च सरकारी तिजोरीतून झाला. पिथमपूर आपल्या धुळ्याहून आग्रा मार्गाने काही तासांच्या अंतरावर आहे. तेथील नागरिकांनी विरोध केला, तेव्हा त्यांना अडाणी म्हणणे सोपे होते. पण चाळीस वर्षे ज्यांनी फसवणूक पाहिली, त्यांच्या शंकेला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. नफा कोणाचा, कचरा कोणाचा आणि खर्च कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे एकच असली पाहिजेत. भोपाळमध्ये ती तीन निराळी निघाली.

म्हणूनच मितेनीच्या यंत्रांचा प्रश्न एका कंपनीपुरता उरत नाही. २०२२ अखेर अमेरिकेच्या थ्रीएम कंपनीने २०२५ पर्यंत पीएफएएसचे उत्पादन सोडण्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी या गटातील सुमारे दहा हजार रसायनांवर एकत्रित निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. तिकडे दार बंद होत आहे. मागणी मात्र संपलेली नाही. औषधे, विद्युत उपकरणे, अर्धवाहक यांना ही रसायने हवीच आहेत. मग ती कोठे तयार होतील? जेथे मानक नाही, तपासणी नाही आणि रोजगाराची भूक आहे, तेथे. निर्यातीची आकडेवारी फुगेल, आपण टाळ्या वाजवू, आणि वाशिष्ठीच्या खाडीतला भोई, जो वर्षानुवर्षे मेलेल्या माशांची तक्रार घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत आहे, तो आणखी एक अर्ज लिहील. भारताने जगाचे उत्पादन केंद्र जरूर व्हावे. जगाचे न्हाणीघर होऊ नये.

काय करावयास हवे

पहिली गोष्ट, परदेशात मोडीत निघालेला रासायनिक कारखाना भारतात आणावयाचा असेल, तर तो तिकडे का बंद पडला, याची संपूर्ण कागदपत्रे जनसुनावणीत मराठीतून ठेवणे बंधनकारक करावे. जुनी मोटार विकत घेताना आपण तिचा अपघाताचा इतिहास विचारतो. येथे तर गावाचे पाणी पणाला लागलेले आहे.

दुसरी गोष्ट, पीएफएएसचे पिण्याच्या पाण्यातील भारतीय मानक भारतीय शास्त्रज्ञांनी निश्चित करावे. अमेरिकेचा आकडा उचलून आणण्याची गरज नाही. परंतु आकडाच नसणे हे सार्वभौमत्वाचे लक्षण नव्हे. २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्राने केले आहेत. प्रदूषण करणाऱ्याने सफाईचा खर्च द्यावा, हे तत्त्व त्यांत आहे. मानकाशिवाय ते तत्त्व पांगळे राहील.

तिसरी गोष्ट जळगावची. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रसायनशास्त्राची प्रशाळा आहे, रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे. तेथे लहान उत्पादकांसाठी अल्प दरात तपासणीची सोय व्हावी. एखाद्या कारखानदाराने आपला पाइप न्यावा, शिसे किती आहे ते कळावे, मिश्रणाचा सल्ला मिळावा. औद्योगिक वसाहतीतील उद्योजक संघटनांनी नवे स्टॅबिलायझर एकत्र खरेदी केले, तर दर खाली येतील. जुन्या प्लास्टिकचा दाणा करणाऱ्यांसाठी तर हे अधिकच निकडीचे आहे. विजेच्या उपकरणांच्या भंगारातील काळ्या प्लास्टिकमध्ये आग रोखणारी ब्रोमिनयुक्त रसायने असू शकतात, आणि तो माल दुसऱ्या भंगारात मिसळला की बंदी घातलेले रसायन मागच्या दाराने घरात येते. ज्या चटईवर तान्हे मूल लोळते, तिच्या दाण्याचे मूळ आपल्याला ठाऊक असावे. जळगावच्या चटईने ‘तपासलेला माल’ ही आपली ओळख केली, तर निर्बंध हेच तिचे भांडवल होईल.

चौथी गोष्ट सरकारी खरेदीची. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांनी मानकाची खूण नसलेला एक फूटही पाइप घेऊ नये, आणि आलेल्या मालाचे नमुने अकस्मात तपासावेत. प्रामाणिक उत्पादकास अनुदानापेक्षा हे अधिक मोलाचे आहे.

पाचवी गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांची. भारतीय मजदूर संघाची स्थापना दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळमध्ये केली. नियतीचा हा योग विसरण्यासारखा नाही. ज्या नगरीत राष्ट्रहिताच्या चौकटीत कामगारहिताचा विचार मांडणारी संघटना जन्मली, त्याच नगरीने पुढे औद्योगिक विषाचा भीषणतम आघात सोसला. पाइपांच्या, रंगांच्या, बॅटरीच्या कारखान्यांतील कामगारांच्या रक्तातील शिशाची नियमित तपासणी ही मागणी वेतनवाढीच्या मागणीइतक्याच आग्रहाने पुढे आली पाहिजे. किसान संघाच्या शाखांनी क्लोरपायरिफॉसला पर्याय कोणता, तो किती खर्चाचा, हे शेतकऱ्याला आजच सांगण्यास प्रारंभ करावा. बंदी अंमलात आल्यावर सल्ला देणे म्हणजे पीक वाळल्यावर पाट सोडणे.

आणि कुटुंबांनी? पाइप घेताना आयएस ४९८५ ही खूण पाहावी, दोन रुपये अधिक द्यावेत. घासलेला, पापुद्रे सुटलेला न चिकटणारा तवा काढून टाकून बिडाचा तवा पुन्हा चुलीवर चढवावा. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात पीएफएएस नव्हते आणि तिची भाकरीही तव्याला चिकटत नव्हती.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची मांडणी केली, तेव्हा पीएफएएस हा शब्द कोणाच्या कानी नव्हता. परंतु निसर्गाचे शोषण आणि निसर्गाचे दोहन यांतील भेद त्या विचारात स्पष्ट आहे. गाईचे दूध काढताना वासराचा वाटा ठेवावा लागतो. जे रसायन शंभर वर्षांनी जन्मणाऱ्या वासराच्या वाट्याचे दूध आजच नासवून ठेवते, त्याचा व्यापार दोहनाच्या व्याख्येत बसत नाही, मग तो परकीयाचा असो वा स्वकीयाचा.

पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला पांडुरंगाचा रथ निघतो. तो रथ कोणी एकटा ओढीत नाही, आणि तो वाटेल तसा धावूही दिला जात नाही. त्याच्या चाकांना वेळोवेळी मोगरी लावणारी माणसे असतात. दोर ओढणाऱ्यांइतकाच त्यांचाही मान असतो. कारण त्यांच्यावाचून रथ गर्दीत शिरेल, हे प्रत्येकाला ठाऊक असते. उद्योगाच्या रथालाही अशी मोगरी हवी. ती लावणारे हात सरकारचे, शास्त्रज्ञांचे, कामगारांचे आणि स्वतः उद्योजकांचे असावेत, आणि ते आपले असावेत. परक्यांनी येऊन चाक अडविण्याची वाट आपण का पाहावी?